पाटीमागचा इंटरकूलर

जलसंजीवनी पाणीपुरवठा सहकारी संस्था (मर्यादित), उंबरटेक, या नावातला एकमेव प्रामाणिक शब्द कंसात होता. संस्थेकडे पाणी नव्हते. पाणी आणणारी एक गाडी होती, आणि २०१६ सालच्या एप्रिलपासून ती गाडीही चढ चढेनाशी झाली होती.

उंबरटेक ही बीड जिल्ह्यातली, बालाघाटाच्या एका सपाट माथ्यावर वसलेली एकशेचाळीस उंबऱ्यांची वाडी. पायथ्याला सडक, सडकेलगत सरकारने ताब्यात घेतलेली, अजून तळ न दाखवलेली एक विहीर, आणि तिथून वर तीन वळणांची, दोन किलोमीटरची खडी चढण. मोठा टँकर पहिल्याच वळणावर अडकत असे. म्हणून संस्थेच्या गाडीमागे हजार लिटरच्या टाकीची ट्रॉली जोडायची आणि दिवसाला सहा खेपा करायच्या, अशी व्यवस्था होती. ऊसतोडीला गेलेली माणसे पाडव्याच्या सुमारास परतली, तेव्हा वाडीतली तोंडे दुप्पट झाली आणि खेपा निम्म्या. पहाटे चारला गाडी वर जाई. आठच्या खेपेला कुरकुर करी. अकराच्या उन्हात तिसऱ्या वळणावर काळा धूर सोडून बसे.

वास्तविक गाडी साधीसुधी नव्हती. डिझेलची, टर्बोची, रुंद छातीची. एका बंद पडलेल्या सहकारी सूतगिरणीच्या लिलावातून ती संस्थेकडे आली होती. त्या गिरणीने आपल्या हयातीत किती सूत काढले याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. अध्यक्षांसाठी गाडी काढली, याविषयी नाहीत.

एप्रिलच्या शेवटी तालुक्याहून पत्र आले. सरकारी गद्याला शोभेल अशा थंडपणाने त्यात लिहिले होते की, येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता समक्ष पाहणी होईल. भरलेली टाकी माथ्यावर पोहोचल्यास वितरणाचे ठिकाण उंबरटेक राहील. न पोहोचल्यास पायथा. म्हणजे पायथ्याला टँकर उभा राहील, आणि ज्याला तहान असेल त्याने दोन किलोमीटर उतरून घागर भरावी व दोन किलोमीटर चढून ती प्यावी.

हे पत्र चंद्रभागाबाईंनी दोनदा वाचले. त्या संस्थेच्या सचिव होत्या. कायद्याने संचालक मंडळात दोन स्त्रिया लागतात म्हणून त्यांना घेतले होते, आणि इतिवृत्त लिहायला दुसरे कोणी तयार नव्हते म्हणून सचिव केले होते. सतरा हंगाम त्यांनी डोक्यावरून उसाच्या मोळ्या वाहिल्या होत्या. त्यातून मानेचे दोन मणके झिजले होते, आणि बीडच्या डॉक्टरांनी बोट दाखवून बजावले होते की, बाई, यापुढे डोक्यावर पदर सोडून काही घ्यायचे नाही. घरात दुसरे कोणी नव्हते. पाणी पायथ्याला थांबले तर चंद्रभागाबाईंना वाडी सोडून परळीला लेकीकडे जावे लागणार होते. लेक चांगली होती, जावई त्याहून चांगला होता. पण परळीला वाळत घातलेल्या लुगड्यावर संध्याकाळपर्यंत वीजकेंद्राच्या राखेचा थर बसतो, आणि जावयाच्या घरात सासूवरही बसतो, असे त्यांचे मत होते.

सोमवारी सकाळी त्यांनी ड्रायव्हर आश्रुबाला गाडी काढायला सांगितले आणि वडवणी गाठली.

वैजिनाथचे गॅरेज बाजारतळामागे होते. पुढे त्याच्या वडिलांचे, मन्मथप्पांचे, सुट्या भागांचे दुकान. मागे पत्र्याखाली मुलाचे काम. मन्मथप्पा कपाळी भस्म लावून गल्ल्यावर बसत आणि गिऱ्हाइकाकडे असे पाहत, जणू त्याने वस्तू मागून घराण्याचा अपमान केला आहे.

"आक्का, गाडी बदलून टाका," ते बसल्या जागेवरून म्हणाले.

"अप्पा, नवरा बदलला न्हाई, गाडी कशी बदलू?"

अप्पांनी वहीत डोके घातले. वैजिनाथने बॉनेट उघडले, आत हात घातला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. चटका बसलाच होता.

"चढाला काय करती बे ही, आश्रुबा?"

"पहिल्या वळणापोतर नवरीवानी जाती. दुसऱ्याला फुसफुसती. तिसऱ्याला बसली की उठत न्हाई. सकाळी च्यारला वाघीण, अकराला मेली."

"मेली न्हाई. हिला गार हवा मिळंना." वैजिनाथने इंजिनाच्या डोक्यावर बसवलेली जाळीदार पेटी दाखवली. "आक्का, टर्बो काय करतो, बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. दाबली की हवा तापती. तापली की फुगती. आता सांगा, ट्रॉलीभर मोकळा कापूस आन् ट्रॉलीभर दाबलेल्या गाठी, वजनाला जास्ती काय?"

"गाठी."

"तसंच. गार हवा म्हंजी गाठी, ऊन हवा म्हंजी मोकळा कापूस. इंजिन म्हणतं गाठी द्या, ह्यो देतो कापूस. मग डिझेल अर्धवट जळतं, काळा धूर निघतो. हवा गार करायला ही पेटी असती, इंटरकूलर. पण कंपनीनं बसवलीय कुठं? इंजिनाच्या डोक्यावर!"

"चुलीवर माठ ठेवल्यावानी," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"आता कसं बोललात! माठ दारात पाहिजे, वाऱ्याला. मोठा इंटरकूलर घ्यायचा आन् पार पुढं लावायचा, रेडिएटरच्या म्होरं. चढाला गाडी हळू चालती, वारा लागत न्हाई, पण मागचा पंखा वढून घेतो. मग चढंल."

"गुरुवारी अकराला चढंल?"

"भर बाराला चढंल."

"आक्का, इंजिनियर कावून न्हाई झालात?" आश्रुबाने विचारले.

"उसाच्या फडात कॉलेज नव्हतं बाबा."

नवा इंटरकूलर संभाजीनगरहून मागवायचा तर आठवडा लागला असता. वैजिनाथने भंगारवाल्याकडून एका उलटलेल्या खाजगी बसचा आणला: दोन हात रुंद, वीतभर उंच, आतून तेलाने माखलेला आणि बाहेरून अपघाताची साक्ष देणारा. आतले तेल रॉकेलने तीनदा विसळून काढले. बाहेरची ॲल्युमिनियमची नाजूक पाती एका अंगाला सपशेल आडवी झाली होती. त्यातून वारा जाणे शक्य नव्हते. चंद्रभागाबाईंनी पिशवीतून गोधडीचे दाभण काढले, इंटरकूलर मांडीवर घेतला आणि एकेक पाते सरळ करत बसल्या. दुपारपर्यंत त्यांनी अशी सातशेहून अधिक पाती उभी केली. वाडीतल्या बायका गोधडीला जेवढे टाके घालतात त्यापेक्षा हे काम कमी होते, आणि त्याला पुढेमागे कोणी लोककला म्हणण्याचाही धोका नव्हता.

मग गळती तपासायची होती. शहरातले मेकॅनिक इंटरकूलरची दोन्ही तोंडे बंद करून हवा भरतात, तो पाण्याच्या हौदात बुडवतात आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहतात.

"हौदाला किती पाणी लागतं?" चंद्रभागाबाईंनी विचारले.

"दोनशे लिटर."

वैजिनाथने त्यांच्या तोंडाकडे पाहिले, तांब्याभर पाण्यात कपड्याचा साबण कालवला आणि फडक्याने सांधे-सांधे पुसून फेस तपासला. एका कोपऱ्यात फेस फुगला. तिथे त्याने जोड दिला. तांब्यात उरलेल्या पाण्याने आश्रुबाने हात धुतले, आणि ते धुतलेले पाणी मन्मथप्पांनी दुकानापुढच्या तुळशीला न घालता धुळीवर शिंपडले. साबणाचे होते म्हणून.

मंगळवारी पाइप बसले. टर्बोपासून खाली, चाकाच्या कमानीशेजारून पुढे, इंटरकूलरमध्ये; दुसऱ्या बाजूने बाहेर आणि वळसा घेऊन इंजिनात. वाकणांना रबरी नळ्या, नळ्यांना पोलादी पट्ट्या. पंख्याने ओढलेला वारा बाजूने पळून जाऊ नये म्हणून इंटरकूलरच्या कडांना जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या. बंपर मधोमध कापला. आणि मग वैजिनाथ उकिडवा बसून गाडीच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिला.

"आक्का, ही पाटी काढावी लागंल."

आश्रुबाला अचानक खोकला आला.

ती पाटी गाडीच्या जाळीवर आडवी बसवलेली होती. लाल पत्रा, तीन फूट बाय सव्वा फूट, वर पितळी अक्षरे. पहिल्या ओळीत अध्यक्षांचे नाव, दुसरीत पद, तिसरीत संस्था, चौथीत त्यांनी पूर्वी भूषवलेली पदे आणि पाचवीत जागा उरली म्हणून पुन्हा नाव. वारा यायची जी काही वाट होती, ती नेमकी या पाच ओळींमागे होती.

"पाटी ऱ्हाऊ दिली तर?"

"तर मी दोन दिवस गाडीला दागिना बसवला असं समजा."

मंगळवारी संध्याकाळी संचालक मंडळाची सभा झाली. अध्यक्ष मोहनराव दुष्ट नव्हते. दुष्टपणाला काही एक चिकाटी लागते. ते प्रसन्न, गुळगुळीत आणि सर्वांचे नातेवाईक होते. त्यांनी आजवर कोणाला नाही म्हटले नव्हते आणि कोणाचे काम केले नव्हते. स्वतः पायथ्याला सडकेवर राहत, त्यामुळे चढणीच्या प्रश्नाकडे ते निःपक्षपातीपणे पाहू शकत. त्यांच्या उजव्या हाताला उपाध्यक्ष बबनराव. अकरा वर्षांत बबनरावांनी एकही सूचना मांडली नव्हती. त्यांनी फक्त अनुमोदन दिले होते. आपल्याकडे लोकशाही रुजली नाही म्हणणाऱ्यांनी बबनरावांना पाहायला हवे होते. सूचना वाचून संपायच्या आत त्यांचा हात वर गेलेला असे.

"पाटी वर घ्यायची," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "टपावर. उलट लांबून दिसंल."

"आक्का, टपावरली पाटी खालच्याला दिसती, समोरच्याला न्हाई," मोहनराव मृदूपणे म्हणाले. "आन् ही काय माझी पाटी हाय का? संस्थेची हाय. ठरावानं लावलेली. अशी हलवली तर लोक म्हणतील, अध्यक्षच हालला."

"अनुमोदन," बबनराव म्हणाले.

"बबनराव, सूचना कुठं झालीय अजून?"

"होईल की."

तासाभराच्या चर्चेनंतर पाटीच्या योग्य उंचीचा अभ्यास करण्यासाठी त्रिसदस्यीय उपसमिती नेमण्यात आली. उपसमितीने महिनाभरात अहवाल द्यावा असे ठरले. ठराव सर्वानुमते मंजूर झाला, कारण त्या संस्थेत स्थापनेपासून प्रत्येक ठराव सर्वानुमतेच मंजूर झाला होता. मोहनरावांना या एका गोष्टीचा, पाटीइतकाच किंवा कदाचित किंचित अधिक, अभिमान होता. चंद्रभागाबाईंनी स्वच्छ अक्षरात ते सगळे लिहिले. आपल्या तहानेचे इतिवृत्त इतक्या नेटक्या अक्षरात ठेवणारा समाज इतिहासात क्वचितच सापडेल.

बुधवारी मात्र त्यांनी वैजिनाथला वाडीवर बोलावून घेतले आणि पाटीचे चारही नट काढायला लावले.

"ठराव?" आश्रुबाने विचारले.

"काढली न्हाई. घासायला घेतलीय. पितळ किती काळं पडलंय, बघ की. पायथ्याला रखमाबाईकडं चिंच दिलीय, ती घासंल."

पाटी खाली चिंचेने घासली जात असताना, बरोबर बारा वाजता, आश्रुबाने भरलेली टाकी घेऊन चढ धरला. शेजारी वैजिनाथ बसला होता. पहिल्यांदा पॅडल दाबले तेव्हा गाडी क्षणभर काहीच बोलली नाही.

"ही तर इचार करायली बे!"

"करणारच. पाइप लांब झालाय. हवा पुढं जाऊन, गार होऊन, मागं येती. तेवढा दम धर. पाय काढू नको."

"इचार करणारी गाडी आपल्या संस्थेत टिकायची न्हाई," आश्रुबा म्हणाला आणि पाय तसाच ठेवला. मग गाडीने मागून कोणी ढकलल्यासारखा जोर घेतला. दुसरे वळण गेले. तिसऱ्यावर धूर नव्हता. वर पोहोचल्यावर वैजिनाथने इंटरकूलरमधून बाहेर पडणाऱ्या पाइपवर तळहात ठेवला आणि पाच आकडे मोजेपर्यंत ठेवून दाखवला. बायकांनी घागरी भरल्या. चंद्रभागाबाई त्या दिवशी दोन घास जास्त जेवल्या.

चूक त्यांच्या हिशेबात नव्हती, चिंचेत होती. रखमाबाईने पाटी इतकी मन लावून घासली की अक्षरे सोन्यासारखी लखलखू लागली. गुरुवारी सकाळी मोहनराव पायथ्याला आले, त्यांनी ती पाहिली आणि त्यांना भरून आले. अकरा वर्षांत आपले नाव इतके स्वच्छ त्यांनी कधी पाहिले नव्हते.

दहा वाजता चंद्रभागाबाई इतिवृत्ताची वही घेऊन खाली उतरल्या, तेव्हा पाटी परत जाळीवर चढली होती. चार नटांऐवजी आठ. वर झेंडूचा हार.

"अध्यक्षसायेब, हे काय?"

"साहेब येणार हायत आक्का. गाडी कुणाची, हे कळाया नको?"

"गाडी चढायची न्हाई."

"काल चढली ना?"

"काल तुमी नव्हता," आश्रुबा म्हणाला, आणि लगेच टाकीचे झाकण तपासायला मागे निघून गेला.

अकराला साहेब आले: तरुण, बारीक, डोक्यावर टोपी, हातात तीन पानी नमुना. वैजिनाथ फटफटीवरून आला. मंडळाच्या नऊ सदस्यांपैकी सात हजर होते, कारण पाहणीनंतर फोटो होता. सातही जण गाडीत बसले. चंद्रभागाबाई मागे, दोन संचालकांच्या मध्ये, वही पोटाशी धरून. भरलेल्या टाकीमागे साहेबांची गाडी, तिच्यामागे वैजिनाथ.

पहिले वळण नवरीवानी गेले. दुसऱ्याला फुसफुस झाली. तिसऱ्यावर काटा लाल रेघेवर गेला, काळा धूर निघाला, आणि गाडीने जागच्या जागी गुडघे टेकले. आश्रुबाने ब्रेक दाबून ठेवला. वैजिनाथने फटफटी टाकून धावत येऊन चाकामागे दोन दगड लावले.

"बंद करू नको बे! सुरूच ठेव, न्हाईतर टर्बो जळंल. पंखा फिरू दे."

साहेब उतरले. त्यांनी घड्याळ पाहिले. "मी वीस मिनिटं थांबतो. साडेबाराला मला पुढच्या गावाला पोचायचंय. गाडी निघाली तर ठीक, नाहीतर पायथा लिहितो." ते निर्दयपणे बोलले नाहीत. नमुन्यात दोनच रकाने होते.

त्या वळणावरून खालचा मुलूख दिसतो. डाव्या हाताला कोरडा नाला, उजव्या हाताला दूरवर आटत आलेला तलाव, आणि तलावाभोवती, ओल्या जखमेच्या कडेसारखा, उसाचा हिरवागार पट्टा. पाणी कमी पडणे ही निसर्गाची गोष्ट आहे; ते कोणाला कमी पडावे, हे ठरावाने ठरते. त्या पट्ट्यातला ऊस जगावा म्हणून कोणती उपसमिती नेमल्याचे ऐकिवात नाही.

संचालक एकेक करून उतरले आणि गाडीच्या वीतभर सावलीत दाटीवाटीने उभे राहिले. चंद्रभागाबाईंनी पाटीला हात लावून पाहिला. तो झटक्यात मागे घेतला. मग त्यांनी बॉनेटवर वही उघडली, ते पोळते म्हणून खाली पदर घातला आणि पेनाचे टोपण काढले.

"अध्यक्षसायेब, सभा सुरू करा."

"सभा?"

"नवापैकी सात हजर हायत. कोरम पुरा हाय. तातडीची सभा."

"आक्का, नोटीस लागती सात दिवसांची," एक संचालक म्हणाला.

"नोटीस उन्हानं दिलीय. कुणाची हरकत?"

हरकत घेणाऱ्याला सावलीतून एक पाऊल पुढे यावे लागले असते. कोणी आले नाही.

"विषय एक," त्यांनी लिहिता लिहिता वाचले. "गाडीपुढली पाटी काढणे. सूचक कोण?"

सूचक व्हायचे म्हणजे मोहनरावांच्या देखत, मोहनरावांच्या नावाविरुद्ध तोंड उघडायचे. संचालक चढणीचे, दगडांचे, ढगांच्या अभावाचे निरीक्षण करू लागले. साहेब आपल्या गाडीला टेकून हे पाहत होते. त्यांना बहुधा हा प्रकार प्रशिक्षणात शिकवलेला नव्हता. बारा मिनिटे उरली होती. चंद्रभागाबाईंच्या मानेत कळ आली होती. त्यांनी पेन डाव्या हातात घेऊन उजव्याने मान धरली आणि तशाच उभ्या राहिल्या.

बबनराव ते पाहत होते. त्यांचा हात सवयीने वर गेला.

"अनुमोदन?" चंद्रभागाबाईंनी विचारले.

"न्हाई," बबनराव म्हणाले, आणि आपलाच आवाज ऐकून दचकले. "सूचना. मी मांडतो. पाटी काढावी."

अकरा वर्षांत हे प्रथमच घडत होते. मोहनरावांनी त्यांच्याकडे असे पाहिले, जणू घरच्या बैलाने बोलायला सुरुवात केली आहे.

"बबनराव, तुमीबी?"

"मोहनराव, डोकं तापलंय माझं. माझं तापलंय तर तिचं किती तापलं असंल!"

"आन् माझी जोड सूचना," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "टाकी वर पोचेपोतर संचालक मंडळानं पायी चालावं. कुणाचा इरोध असंल तर सांगा, नावानिशी लिहिते. पहिल्यांदाच लिहावं लागंल. इरोधासह मंजूर, किंवा इरोधासह नामंजूर."

हे शब्द मोहनरावांना पाटीपेक्षा जास्त लागले. त्यांनी संचालकांकडे पाहिले, संचालकांनी जमिनीकडे. त्यांनी साहेबांकडे पाहिले, साहेबांनी घड्याळाकडे. सर्वानुमतीचा अकरा वर्षांचा निष्कलंक इतिहास एका बाजूला, आणि तीन फूट बाय सव्वा फूट पत्रा दुसऱ्या. पत्रा पुन्हा घासता येतो, हे त्यांना चटकन उमगले असावे. राजकारणात उगीच अकरा वर्षे टिकत नाही कोणी.

"इरोध कसला?" ते मोठ्याने, साहेबांना ऐकू जाईल असे म्हणाले. "अनुमोदन माझं. लिव्हा, सर्वानुमते. पण पाटी मी धरणार. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची न्हाई."

"सभा संपली सायेब," चंद्रभागाबाईंनी सांगितले.

"एवढ्यात?" साहेब म्हणाले. त्यांनी सहकारी संस्थांच्या सभा पाहिल्या होत्या.

वैजिनाथचा पाना आधीच चालू झाला होता. आठ नट, एक हार. पाटी निघताच पंख्याने वारा असा ओढला की हाराच्या चार पाकळ्या जाऊन इंटरकूलरच्या पात्यांना चिकटल्या. वैजिनाथने त्या बोटाने काढल्या आणि पाइपवर तळहात ठेवला. लगेच उचलला. थोड्या वेळाने पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा ठेवला तेव्हा उचलला नाही.

"घे बे आता. पहिला गिअर टाक. पाय काढू नको."

"आक्का, तुमी तरी बसा," आश्रुबा म्हणाला. "तुमचं वजन ते किती!"

"ठराव मंडळाचा झालाय. मी मंडळात हाय." त्या टाकीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

आश्रुबाने पॅडल दाबले. गाडीने विचार केला. तो विचार चंद्रभागाबाईंना फार लांबला असे वाटले; त्यांनी टाकीच्या पत्र्यावर हात ठेवला, जणू मागून ढकलता येईल. मग हात आपोआप रिकामा झाला, कारण टाकी पुढे निघून गेली होती. धूर नव्हता. चाकांनी चार खडे मागे उडवले, त्यातला एक बबनरावांच्या पायाला लागला, आणि बबनराव हसले.

साहेबांची गाडी टाकीमागे गेली. त्यामागे वैजिनाथची फटफटी. त्यामागे, तिसऱ्या वळणापासून माथ्यापर्यंतच्या पाऊण किलोमीटरवर, जलसंजीवनीचे संचालक मंडळ पायी. मोहनरावांनी आधी पाटी काखेत धरली. मग ती पोळू लागली म्हणून उपरण्यात गुंडाळली. आणि शेवटी, ऊन असह्य झाल्यावर, दोन्ही हातांनी डोक्यावर धरून तिच्या सावलीत चालू लागले. खालून येणाऱ्याला नाव वाचता आले असते. खालून कोणी येत नव्हते.

अकरा वाजून त्रेपन्न मिनिटांनी साहेबांनी नमुन्यात 'उंबरटेक' लिहिले. खाली शेऱ्याच्या जागी एक ओळ जोडली: 'वाहन भरलेल्या टाकीसह चढते. पदाधिकारी बसवू नयेत. वाहनाच्या पुढील भागी काहीही लावू नये.' मग सही केली, शिक्का मारला आणि बायकांनी दिलेले पाणी उभ्यानेच प्यायले. त्यांना दुसऱ्या तांब्याचा मोह झाला होता. रांगेकडे पाहून त्यांनी तो आवरला. प्रशासनाविषयी चांगले लिहिण्याची संधी क्वचित मिळते, म्हणून हे नोंदवले.

चंद्रभागाबाई सर्वांत शेवटी पोहोचल्या. रांगेत त्यांची कळशी कोणीतरी आधीच लावली होती आणि भरलीही होती. टाकी उभी होती तिथून त्यांचे दार चाळीस पावलांवर. त्यांनी ती कळशी दोन चरव्यांत निम्मी निम्मी केली, दोन्ही हातांत एकेक घेतली आणि मान ताठ ठेवून घरी नेली. डोक्यावर फक्त पदर होता.

दारात टेकल्या तोच फोन वाजला. परळीहून शिवकन्या, त्यांची लेक.

"आई, काय झालं? कधी यायलीस? मी पलंग काढून ठेवलाय."

"पलंग आत टाक परत."

"म्हंजी?"

"म्हंजी मी दिवाळीला येणार. चार दिवस, पाव्हणी म्हणून. लाडू करून ठेव." त्यांनी बाहेर पाहिले. टाकी रिकामी झाली होती. आश्रुबा गाडी वळवत होता. पिंपरणीच्या विरळ सावलीत संचालक मंडळ पाय पसरून बसले होते, आणि त्यातले एकदोघे गाडीच्या दिशेने हळूहळू सरकू लागले होते. "आता ठेव बाई. गाडी दुसऱ्या खेपेला निघायलीय."

फोन ठेवून त्या अंगणात आल्या.

"आश्रुबा! रिकामा चाललायस तर ह्यांना घेऊन जा खाली."

"पदाधिकारी बसवू नयेत, असं लिव्हलंय आक्का."

"ते चढाचं हाय," त्या म्हणाल्या. "उताराला बसू दे."